हिरवी रेघ, पिवळी रेघ

४ सप्टेंबर, गुरुवार

अहो, पोचले बरं का दहिसरला.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एवढ्याशा बातमीसाठी वही कशाला नासतेस. पण सांगू कुणाला? तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. गावच्या घरात भिंतींशी बोलून बोलून त्यांचा चुना पडायला लागला. म्हणून गौरी-गणपतीला प्रीतम गावी आला आणि मावशी चल म्हणाला, तेव्हा मी नाही म्हटलंच नाही. माझ्या बहिणीचा मुलगा, पण लाडका तुमचा. लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून तुमचेच कान पिळायचा. म्हणाला, रुचिरा कामाला जाते, ऋताकडे बघायला कोणी नाही, आणि तुझ्या हातचं जेवण माझ्या पाहुण्यांनाही खायला मिळेल. मी म्हटलं, म्हणजे एका तिकिटात आया पण आणि आचारीण पण. लाजला मेला.

त्याचे पाहुणे म्हणजे काय ते ऐका. त्याची एक जीप आहे, डोंगरात चढणारी, चाकं म्हशीच्या पोटाएवढी. तिच्या मागे ट्रेलर. ट्रेलरमध्ये अख्खं बिऱ्हाड: शेगडी, पाण्याची टाकी, वर उघडणारा तंबू. मुंबईच्या लोकांना नदीकाठी नेतो आणि उघड्यावर झोपवतो. आणि लोक खूश! आपल्या गावात अर्धं गाव फुकट उघड्यावर झोपतं, त्यांचं कुणाला कौतुक नाही.

घर बैठं आहे, नदीच्या बाजूला. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात जीप आणि मागे ट्रेलर, मग गेट, मग सरळ लांब गल्ली. आजूबाजूला टॉवर. वरच्या मजल्यावरच्या बायका कपडे झटकतात ते पाणी आपल्या तुळशीला. मी ऋताच्या खोलीत. चार वर्षांची आहे, झोपेत लाथा मारते. तुमच्यावर गेलीय.

ही वही रुचिरानं दिली. ऑफिसात मिळालेली, वर्ष अर्धं संपलेलं. मी म्हटलं चालेल, माझंही तेवढंच उरलंय. तिला हसावं की नको ते कळेना.

७ सप्टेंबर, रविवार

दिवसभर घर रिकामं असतं. ऋता बालवाडीला जाते तेवढा वेळ तर घड्याळसुद्धा ऐकू येतं. शेजारची बाई दार उघडते, मला बघते, हसते, दार लावते. गावात असं कोणी केलं असतं तर मी तिच्या दारात जाऊन बसले असते. इथं दाराला बाहेर बघायचा डोळा आहे म्हणे, आतली बाई त्यातून बघून ठरवते उघडायचं की नाही.

पण ऋता आली की धमाल. आमचा एक खेळ सुरू झालाय. मी चालत असले की ती मागून येऊन माझा पदर धरते आणि गुपचूप चालते. मला माहीत असतं, पण मी माहीत नसल्यासारखं विचारायचं, कोण आहे गं मागे? ती म्हणणार, कोणीच नाही! आणि खिदळणार. काल मी वाण्याकडे निघाले, अर्ध्या गल्लीत पदर जड झाला. कार्टी गेटची खालची कडी काढून मागे आली होती. आता वरची कडी पण लावायची, असं रुचिरानं मला बजावलंय. वरच्या कडीला तिचा हात पुरत नाही.

बजावण्याचं कारण आज कळलं. प्रीतम जीप मागे घेत होता आणि काहीतरी कडकन मोडलं. ट्रेलरच्या चाकाखाली ऋताची तीनचाकी. सायकल रिकामी होती. ऋता माझ्या कडेवर होती. पण सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रीतम खाली उतरला आणि तिथंच जमिनीवर बसला. म्हणाला, आरशात ट्रेलरच्या मागचं काही दिसतच नाही. जीपला मागे कॅमेरा आहे, पण ट्रेलर लावला की त्यात ट्रेलरचं थोबाडच दिसतं. रुचिरा एवढंच म्हणाली, ट्रेलरला स्वतःचा कॅमेरा लागल्याशिवाय ही गाडी हलणार नाही. आवाज चढवला नाही तिनं. मला आवडली.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज धम्मपाल नावाचा मिस्त्री मानखुर्दहून स्कूटरवर आला. गाड्यांना बाहेरून आणलेल्या वस्तू बसवणं हाच त्याचा धंदा. मी विचारलं, एवढ्या लांबून येतोस, बायको डबा देते की हाकलून देते? म्हणाला, मावशी, लग्नच नाही झालं. मी म्हटलं, मग गाडीला मागे डोळे लावण्यापेक्षा स्वतःला पुढे लाव. प्रीतम हसून हसून शिडीवरून पडायचा राहिला.

डोळा एवढासा, सुपारीएवढा. ट्रेलरच्या पाठीवर, नंबराच्या पाटीवर बसवला. वायर ट्रेलरच्या पोटाखालून पुढे आणली. ट्रेलर जीपला अडकतो तिथं एक गोल जाडा प्लग आहे, त्यातून आत. आणि पुढे स्टिअरिंगशेजारी पडदा. शिवाय एक वेगळं बटण, म्हणजे गाडी मागे न घेताही पडदा लावता येतो. किल्ली अर्धी फिरवायची आणि बटण दाबायचं, बस. इंजिन लागत नाही. मी लगेच शिकले.

पडद्यावर गेट आणि गल्ली दिसते. वर तीन रेघा काढलेल्या. लांबची हिरवी, मधली पिवळी, जवळची लाल. धम्मपालनं सांगितलं, हिरवीपाशी काही असलं तर बिनधास्त, पिवळीपाशी आलं तर सावध, लाल रेघेच्या आत आलं की ब्रेक.

एक गंमत. गल्लीतल्या भिंतीवर ‘येथे कचरा टाकू नये’ लिहिलंय, ते पडद्यावर उलटं दिसत होतं, आरशात दिसतं तसं. मी म्हटलं, हा डोळा तिरळा दिसतो. धम्मपालनं समजावलं की मागचे कॅमेरे मुद्दाम असेच असतात, डावं उजवीकडे दिसतं, उजवं डावीकडे. चालवणाऱ्याला आरशाची सवय असते म्हणून.

संध्याकाळी ऋता आणि मी जीपमध्ये बसून गल्ली बघितली. टीव्हीपेक्षा बरी आहे. शेजारच्या बाईचा नवरा गेटशी उभा राहून दात कोरत होता, त्याला वाटत होतं कोणी बघत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

अहो, आज काय झालं सांगू! घाईनं अक्षर असं आलंय. भीतीनं नाही हो.

आज पितृपक्षातली तुमची अष्टमी. तुमचा म्हाळ. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, सगळं केलं. पान ठेवायला जागा कुठे? टॉवरवाले ओरडतात, कावळे आले की कपडे घाण होतात म्हणे. प्रीतमला नाहीतरी कॅमेऱ्याची चाचणी घ्यायची होती. म्हणाला, खाडीकडे कच्चा रस्ता आहे, नदीच्या कडेनं, चालत गेलं तरी जवळ. तिवरांपाशी ठेव पान. मी पुढे बसले, मांडीवर केळीचं पान झाकून. मागे ट्रेलर डुलत होता.

मी पान ठेवलं, पाणी फिरवलं, तुमचं नाव घेतलं नाही, नुसतं अहो म्हटलं. मग मागे न बघता गाडीत येऊन बसले. तुमच्या आईनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलेलं. त्यांचं वाक्य अजून कानात आहे. पान कोणाच्याय नावान ठेव, जेवूक कोण बसात ता सांगाक येवचा नाय. म्हणान फाटी वळान बघूचा नाय. बघलंस तर तो म्हणता, हिनाच माका बोलावल्यान. नाव आपल्या माणसाचं असलं तरी पानावर भलताच कोणी भुकेला येऊन बसतो. आपण बघितलं की त्याला वाटतं, आपल्यालाच बोलावलंय, आणि निघतो मागून.

प्रीतमनं पण आठवण करून दिली, मावशी, मागे बघू नको हां. मी म्हटलं, अरे मी पुढेच बघतेय की. आणि पडद्याचं बटण दाबलं. मान काही वळवली नाही मी. पडदा माझ्या पुढे होता. तुमच्या आईनं काय पडद्याचा नियम सांगितला नव्हता.

पानापाशी कोणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठमोरं. खात होतं.

मग उठलं. चाललं. आणि एक पाय घासत चाललं.

तुमचा डावा पाय, गिरणीत असताना गाठोड्याखाली आलेला. पडद्यावर उजवा घासताना दिसत होता, म्हणजे खरा डावा. उलटं दिसतं ना. माझ्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. मी हळूच म्हटलं, जेवलात का? खीर कमी पडली का? प्रीतमला वाटलं मी प्रार्थना करतेय. त्याची नजर खड्ड्यांवर होती.

गाडी लांब गेली तरी तुम्ही येत होतात. मागून मागून.

१५ सप्टेंबर, सोमवार

दुपारी सगळे गेल्यावर जीपमध्ये बसले. बटण दाबलं. गल्लीच्या टोकाला, हिरव्या रेघेच्याही पलीकडे, तुम्ही.

गेटपाशी जाऊन बघितलं तर गल्ली रिकामी. परत पडद्यात बघितलं, तर आहात. म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्या सुपारीएवढ्या डोळ्याला दिसतं.

चेहरा काही नीट दिसत नाही, कॅमेरा स्वस्तातला आहे. पण मला काय चेहरा बघायचाय? एकतीस वर्षं बघितला. मी बसून बोलत राहिले. वडे तेलकट झाले होते ते कबूल केलं. गावच्या घराची किल्ली कुणाकडे दिली ते सांगितलं. दोन वर्षांत इतकं बोलले नव्हते. शेजारच्या बाईनं दार किलकिलं करून बघितलं. बघू दे.

१७ सप्टेंबर, बुधवार

हिरव्या रेघेवर उभे आहात. हळूहळू येताय. लग्नानंतर पहिल्यांदा मला माहेराहून न्यायला आलात तेव्हाही तसेच, बैलगाडी पुढे आणि तुम्ही मागे रेंगाळत. मी तेव्हाही चिडवलं होतं.

ऋता मांडीवर होती. मी विचारलं, तुला कोण दिसतं गं? म्हणाली, एक आजोबा. मला इतका आनंद झाला! मग म्हणाली, आजोबांना भूक लागलीय. मी म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाली, तोंड उघडंच आहे ना.

मी नीट बघितलं. कॅमेरा स्वस्तातला आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस जेवणाला चव नाही. प्रीतम म्हणतो, मावशी, मीठ विसरतेस. काल बांगड्याचं तिखलं केलं, स्वतःच्या हातानं मीठ घातलं, चाखलं, बरोबर होतं. पानात वाढलं तर पाणी. आज डाळीचं तसंच. भात चावला तर कापूस चावल्यासारखा. कोणीतरी आधीच जेवून गेलंय आणि आपल्याला उरलंसुरलं वाढलंय, असं.

प्रीतमनं चिडवलं, मावशीचं लक्ष नाही, मावशी प्रेमात पडलीय. रोज दुपारी गाडीत बसून कुणाशी बोलतेस सांग. मी म्हटलं, आहे एकजण. सगळे हसले. मी पण हसले.

ऋता जेवत नाही. ताट पुढे घेते आणि बघत बसते. विचारलं तर सांगते, आजोबांनी खाल्लं.

दुपारी तुम्ही पिवळ्या रेघेवर होतात. गेटच्या आत. गेट बंद होतं, दोन्ही कड्या लावलेल्या.

मी आज फार बोलले नाही. तुम्ही मात्र माझ्याकडे बघत नव्हतात. माझ्या मांडीकडे बघत होतात. ऋता होती तिथं.

२० सप्टेंबर, शनिवार

नीट लिहायला हवं. एक एक करून.

सकाळी पडदा लावला. तुम्हाला बघायचं नव्हतं म्हणून मुद्दाम भिंतीकडे बघितलं. ‘येथे कचरा टाकू नये.’ वाचलं. मग लक्षात आलं की मी वाचलं. सरळ. एक अक्षर उलटं नव्हतं.

धम्मपालला फोन लावला. म्हटलं, बाबा रे, तुझा तिरळा डोळा सरळ कसा झाला? म्हणाला, मावशी, प्रीतमदादानंच सांगितलं होतं सरळ करायला. त्याला कॅम्पचे व्हिडिओ टाकायचे असतात, त्यात अक्षरं उलटी दिसतात. कॅमेऱ्याच्या वायरीला एक बारीक फास असतो, तो कापला की चित्र सरळ होतं. गेल्या शनिवारी येऊन कापला, तुम्ही वाण्याकडे गेला होतात.

गेल्या शनिवारी. म्हणजे तेरा तारखेला. म्हाळाच्या आदल्या दिवशी.

म्हणजे त्या दिवशी पडद्यावर जे दिसलं ते सरळच होतं. उजवा पाय घासत होता तो उजवाच.

तुमचा डावा.

अहो, ते तुम्ही नाही.

मग मी इतके दिवस कुणाशी बोलले? घराची किल्ली कुठे आहे ते कुणाला सांगितलं? जेवलात का म्हणून कुणाला विचारलं?

तुम्ही आला नव्हतातच. पानावर कोणी भलताच बसला होता. आणि मी शहाणी, मान न वळवता बघितलं.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

सांगितलं प्रीतमला. सगळं. त्यानं माझा हात हातात घेतला. म्हणाला, मावशी, तुला एकटं वाटतंय, आमचंच चुकतं. रुचिरानं चहा आणून दिला. दोघं इतकी चांगली आहेत. मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की चांगलं नका वागू, ऐका.

प्रीतमनं माझ्यासमोर पडदा लावून बघितला. म्हणाला, रिकामं आहे बघ. मला दिसत होता. त्याला नाही. प्रीतमनं बोलावलं नव्हतं ना.

ऋतानं मात्र बोट दाखवलं.

लाल रेघ.

दुपारी. ऋता शेडमध्ये नवीन सायकलवर. मी पडद्याजवळ, लक्ष ठेवायला. तो लाल रेघेच्या आत. वाकला. ऋतावर. सायकलच्या हँडलवर हात — हात म्हणजे — आणि ऋतानं हातातलं बिस्किट त्याच्यापुढे धरलं.

मी गाडीतून उडी मारली, ट्रेलरपाशी गेले, तो गोल प्लग ओढून काढला. वायर तुटली बहुतेक. पडदा काळा. ऋताला उचललं. बिस्किट तिच्या हातात होतं. मी चाटून बघितलं. काही चव नाही. माती पण अशी बेचव नसते.

प्रीतम चिडला नाही. वायर बघत राहिला नुसता.

२२ सप्टेंबर

ऋताला ताप. डॉक्टर म्हणाले व्हायरल. दूध पाजलं, गिळते, पण काही लागतच नाही तिला. गाल एका दिवसात बसले.

पडदा बंद करून उपयोग नाही झाला. आता दिसायला पडदा लागत नाही. स्टीलच्या टोपात मी दिसते, आणि माझ्या खांद्यामागे — कपाटाचा आरसा चादरीनं झाकला. टीव्ही बंद असला की काळी काच — त्यावर टॉवेल. रुचिरा घट बसवत होती, तांब्याच्या कलशात —

रुचिरानं विचारलं, मावशी, गावी जायचंय का थोडे दिवस? प्रेमानं विचारलं.

सासूबाईंचं आठवतं. जो बघतो त्याच्या मागे येतो. घराच्या मागे नाही. माणसाच्या.

म्हणजे मी जिथं, तो तिथं. मी या घरात आहे म्हणून तो या घरात. ऋता माझ्या शेजारी झोपते म्हणून.

मी नसले तर ऋता जेवेल.

२३ सप्टेंबर

निघाले.

रुचिरा घरी आहे. ऋता झोपलीय. केसांना तेल लावलं तिच्या. उठवलं नाही. वाण्याकडे जाते म्हटलं. गेटच्या दोन्ही कड्या लावल्या बाहेरून हात घालून. खालची. वरची.

पान घेतलंय. भात, डाळ, खीर. चव असेल नसेल.

रिक्षा नको. रिक्षाला आरसे असतात. चालत. नदीच्या कडेनं. डोळे जमिनीवर. डबक्यात पण नाही बघायचं.

तिथंच ठेवायचं जिथून तो मागे लागला. ठेवायचं आणि पुढे चालत राहायचं. परत या रस्त्यानं यायचं नाही. खाडीच्या बांधावरून पलीकडे. मग एसटी. मग गाव. मागे बघायचं नाही, कधीच.

अहो, तुम्ही खरे असाल कुठे तर आत्ता या. नाहीतर नका येऊ. नका.

—

ठेवलं. म्हटलं, तुझं पान हे. माझं माणूस नाहीस तू. इथंच बस.

चालले. बांधावर.

मागे पाय वाजतोय. घासत. उजवा.

जेवायला बसला नाही. भूक पानाची नाही त्याला.

भरती चढतेय. पुढे बांध फुटलाय, पाणी ओसरेपर्यंत जाता येत नाही. बसले. वहीत लिहितेय. डोळे वहीत असले की मागे जात नाहीत. लिहीत राहायचं.

मागे उभा आहे. पाठीवर सावली नाही पण गार लागतं.

बोलला. माझं नाव घेतलं. सुलक्षणा.

हसू आलं मला. चुकलास रे मेल्या. एकतीस वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं नाही. अगो म्हणायचे. एवढं पण नाही माहीत आणि नवरा व्हायला निघालास.

घासत आणखी जवळ आला.

पाणी वाढतंय. बांधाच्या दगडांना लागतंय.

—

आजी.

नाही. तो आहे. तो ऋताचा आवाज काढतोय.

आजी, मी दमले.

वरची कडी लावली. लावली होती. हात घातला, कडी सरकवली — खालची पहिली, मग पान हातात होतं म्हणून — पान खाली ठेवलं का मी — ठेवलं आणि वरची —

लावली ना?

आजी, पाणी आलं बघ.

ताप आहे तिला. एवढं चालणार नाही. पण मागे लागली तर — त्या दिवशी अर्ध्या गल्लीपर्यंत —

पदर ओढला. खालून. तिचा हात पुरतो तेवढ्या उंचीवरून.

विचारते. आमचा खेळ. कोण आहे गं मागे?

कोणीच नाही!

खिदळली. तशीच. अगदी तशीच. पण त्यानं ऐकलेत आमचे खेळ, रोज दुपारी, गेटमधून —

ती खरी असली आणि मी बघितलं नाही तर पाणी. खोटी असली आणि बघितलं तर —

मान नाही वळवणार. डावा हात मागे करते. हातानं बघायला कोणी बंदी नाही घातली.

डोकं. केस. तेल लागलंय. सकाळचं तेल. देवा, ऋता

कपाळ. गार. ताप कुठे गेला. गाल खाली, अजून खाली, गाल संपत नाहीत, तोंड उघडंच आहे, बोटं आत चाललीत, दात लागत नाहीत, मनगट —

ऋता नाही. अहो, ऋता नाही ही. म्हणजे ऋता घरी आहे. म्हणजे कडी मी लावली हो — ऋता घरी जेवे